अर्ध्या बटाट्याचा समुद्र

माणसाने निवृत्त झाल्यावर घरात काय काय करू नये, याची एक यादी आमच्या हिने फार पूर्वीच करून ठेवली आहे. स्टुलावर चढणे, मिक्सर उघडून पाहणे, दारावर आलेल्या विक्रेत्याला आत बोलावून पाणी देणे, वगैरे बाबी तीत आहेत. गेल्या वर्षी या यादीत एका नव्या कलमाची भर पडली : बटाट्यांना हात लावणे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बटाट्यांपासून दूर का ठेवावं लागतं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

त्याचं असं झालं. आमची आक्का मार्चमध्ये ऐंशी वर्षांची व्हायची होती. आक्का माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे. घर समुद्राच्या इतकं जवळ की, पावसाळ्यातल्या भरतीला आईला जेवायला वाढतानासुद्धा ओरडून बोलावं लागे. ती आक्का आता मुलाकडे नागपूरला असते. नागपुरात सगळं काही आहे. संत्री आहेत, सावजी रस्सा आहे, देशाचा मध्य म्हणून दाखवतात तो झिरो माइलचा खांब आहे. पण ज्या गावात देशाचा मध्य असतो, त्या गावाला समुद्र कुठल्याही बाजूने लांबच पडणार, हे मला भूगोलाचा मास्तर नसूनही कळतं.

आणखी एक गोष्ट सांगून टाकायला हवी. पाच वर्षांपूर्वी आम्ही वेंगुर्ल्याचं घर विकलं. आम्ही म्हणजे मी. कौलं गळत होती, वाशांना वाळवी लागली होती, वर्षातून एकदा जाऊन कुलूप काढायचं आणि पुन्हा लावायचं एवढाच घराचा उपयोग उरला होता. माझी सगळी कारणं बरोबर होती. आक्काने दाखवलं तिथे तिथे सह्या केल्या आणि एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून ती बोललेलीच नाही. म्हणजे फोन होतो. दर रविवारी होतो.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"बरा आहे. ऊन काय म्हणतंय?"

"चव्वेचाळीस. तुमच्याकडे?"

"अडतीस."

पाच वर्षांत आम्ही भावंडांनी एकमेकांना जी माहिती पुरवली ती वेधशाळेला दिली असती, तर तिचा काही उपयोग तरी झाला असता.

ऐंशीव्या वाढदिवसाला काय पाठवायचं यावर घरात चर्चा झाली. हिने साडी सुचवली. मुलाने व्हिडिओ कॉल सुचवला. सून म्हणाली, व्हॉट्सॲपवर छान छान शुभेच्छा तयार मिळतात, नुसतं बोट लावायचं. मी म्हटलं, "आक्काला समुद्र पाठवायचा."

"समुद्र?"

"ग्रीटिंग कार्डावर. घरी, हाताने केलेल्या."

ही काही बोलली नाही. तिने फक्त स्टूल उचलून आत नेऊन ठेवलं.

साहित्य घरातच होतं. आमची मुलगी इंग्लंडात असते. तिकडे घरच्या घरी कार्डं करणं हा चांगला मोठा छंद आहे. त्याची स्वतंत्र दुकानं असतात, मासिकं निघतात. नात सुटीत आली होती, ती जाताना तिचा एक पत्र्याचा डबा इथेच विसरून गेली. डब्यात लाकडी ठोकळ्यांवर चिकटवलेले लाल रबराचे ठसे होते, काडेपेटीएवढ्या शाईच्या गाद्या होत्या आणि स्पंजाचे तुकडे होते. ठसे सगळे समुद्रातलेच : देवमासा, समुद्रघोडा, तारामासा, जलपरी. देवमासा हसत होता. वेंगुर्ल्यात इतकी वर्षं मासे पाहिले, पण हसणारा मासा माझ्या पाहण्यात नाही. त्यांना तसं कारणही नव्हतं.

नातीने फोनवरून धडा दिला. "आजोबा, ठसा शाईत बुडवायचा नाही. शाईची गादी उलटी धरून ठशावर हळूहळू थोपटायची. मग ठसा कागदावर सरळ टेकवायचा, दाबायचा आणि सरळ उचलायचा. हलवायचा नाही."

मी हलवला. त्याला इलाज नव्हता. माझ्या पिढीने शिक्का मारताना फक्त पोस्टातल्या आणि कचेरीतल्या लोकांना पाहिलंय. शिक्का म्हटला की हात आपोआप कानापर्यंत वर जातो आणि धाडकन खाली येतो. पहिल्या देवमाशाला दोन शेपट्या आल्या. दुसऱ्याचं हसू कानापर्यंत पसरलं आणि मग कानच राहिला.

आता मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. हातून काही बिघडलं की ते पहिल्यांदा कोणी आणि कोणत्या साली बिघडवलं, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. "भाजी चिरायची तर चिरा, सुरीचा इतिहास सांगू नका," असं ही नेहमी म्हणते. तरीपण मी ठसे बाजूला सारले आणि रबराच्या मागे लागलो. आणि सांगतो, फार दिलासा मिळाला. कारण या कार्डाच्या कामात जी जी वस्तू लागते, ती ती कोणाच्या तरी हातून काहीतरी बिघडल्यामुळेच जगात आलेली आहे.

रबराचंच घ्या. त्याने पेन्सिलीची रेघ पुसली जाते हे इंग्लंडात प्रीस्टलीने १७७० साली नोंदवून ठेवलं. पण ते रबर उन्हाळ्यात पाघळायचं आणि थंडीत कडक होऊन तडकायचं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर नावाच्या गृहस्थाने त्याला ताळ्यावर आणायचा ध्यास घेतला. त्यापायी तो कर्जात बुडाला, तुरुंगातही गेला. अखेर १८३९ साली गंधक मिसळलेलं रबर चुकून तापलेल्या शेगडीला लागलं आणि पाघळण्याऐवजी चामड्यासारखं टिकाऊ झालं, अशी हकिगत सांगतात. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १८६० मध्ये तो वारला, तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलर कर्ज होतं. पुढे त्याच्या नावाने टायर खपले, पण त्या कंपनीशी त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा काडीचाही संबंध नव्हता. गंधक घालून भाजलेल्या या रबराच्या मग कवळ्या होऊ लागल्या. आणि अमेरिकेत १८६०च्या दशकात रबरी शिक्के प्रथम बनू लागले, तेव्हा ते भाजायला दंतवैद्यांचीच कवळ्या भाजायची भांडी कामाला आली. म्हणजे माझ्या हातातला देवमासा आणि माझ्या तोंडातली कवळी ही सख्खी नसली तरी मावस भावंडं होती. तो का हसत होता, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पण आक्काला हसणारा देवमासा पाठवून काय उपयोग? तिला बांगडा ओळखीचा. पडवीसमोरचा माड ओळखीचा. कौलारू घर, किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी. यांतलं काही इंग्लंडातल्या डब्यात मिळणार नव्हतं. म्हटलं, आपले ठसे आपणच करू. आम्ही शाळेत असताना हस्तव्यवसायाच्या तासाला बटाट्याचे ठसे करायचो. भेंडी आडवी कापली की आयतं फूल मिळे, बटाट्यावर मात्र कोरावं लागे. बटाटा मधोमध कापायचा, पाणी टिपून घ्यायचं, हवं ते चित्र ठेवून भोवतालचा भाग अर्धा बोट खोल काढून टाकायचा. मी स्वयंपाकघरात गेलो. ही देवळात गेली होती. पुढचा तासभर मला कोणी अडवलं नाही.

ठशाने समुद्र छापणं आपल्याकडे नवं नाही. पैठणला ज्यांची राजधानी होती त्या सातवाहनांपैकी यज्ञश्री सातकर्णी या राजाने दुसऱ्या शतकात आपल्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज उमटवलं. नाणं म्हणजे काय? धातूवर मारलेला ठसाच. ज्या कारागिराने तो साचा कोरला असेल, त्याला जहाज आणि भोवतालची अक्षरं उलटी कोरावी लागली असणार. तरच ती नाण्यावर सुलट दिसणार. जपानात होकुसाईच्या लाटेचंही तेच. १८३१च्या सुमाराचं ते चित्र आपण कॅलेंडरांपासून चहाच्या कपांपर्यंत सगळीकडे पाहतो : नखं काढून अंगावर येणारी लाट, तिच्याखाली तीन होड्या आणि मागे इवलासा फुजी पर्वत. ते मुळात लाकडी ठशांनी छापलेलं चित्र. चित्रकाराचा पातळ कागद फळीवर पालथा चिकटवायचा आणि कोरक्याने कागदासकट फळी कोरायची. कागद पालथा, म्हणून छाप सुलटी. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं, त्याखाली लाल रेघ मारली आणि विसरून गेलो. त्याचा परिणाम पुढे येईलच.

होकुसाईबद्दल मला आणखी एका कारणाने आपुलकी वाटली. ही लाट काढली तेव्हा तो सत्तरीचा होता. आणि पुढे एका पुस्तकात त्याने लिहून ठेवलं की, सत्तरीच्या आधी आपण जे जे काढलं त्यात लक्षात घेण्यासारखं काही नाही. मी ते हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याने बटाटे किती नासले ते लिहिलंय का?"

आता शाई. डब्यात निळ्या रंगाच्या तीन गाद्या होत्या आणि मला त्यांतली सगळ्यांत गडद आवडली. या निळ्याचा जन्म पाहिला आणि पुन्हा दिलासा मिळाला. १७०६च्या आसपास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा एक रंगारी किड्यांपासून लाल रंग करत होता. त्याला लागणारा पोटॅश त्याने दुसऱ्याकडून घेतला. तो प्राण्यांच्या रक्तापासून काढलेल्या तेलाने बाटलेला होता. लाल व्हायच्या जागी भांड्यात निळा तयार झाला. तोच प्रशियन निळा. तोवर युरोपात चांगला निळा हवा तर अफगाणिस्तानातला लाजवर्द दगड कुटून घ्यावा लागे आणि तो सोन्याच्या मोलाने मिळे. आता समुद्र स्वस्त झाला. हा निळा जपानात पोहोचला, तिथे लोक त्याला बर्लिनवरून 'बेरो' म्हणू लागले, आणि होकुसाईच्या लाटेत तोच आहे. बर्लिनच्या रंगाऱ्याला लाल साधला असता तर, होकुसाईने आपली लाट कशात बुडवली असती कोण जाणे.

माझा समुद्र मात्र मला साधला. हे मी छाती पुढे काढून सांगतो, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं नाही. नातीची युक्ती अशी : जाड कागदाची पट्टी हाताने वेडीवाकडी फाडायची. कात्री नको, फाडलेल्या कडेलाच लाट असते. ती पट्टी कार्डावर आडवी ठेवायची आणि स्पंजाला शाई लावून कडेवरून खाली थोपटत यायचं. पट्टी उचलली की लाटेची एक ओळ. मग पट्टी बोटभर खाली सरकवून दुसरी ओळ. वरच्या ओळी फिकट, खालच्या गडद. शेवटी जुन्या दातांच्या ब्रशावर पांढरा रंग घेऊन अंगठ्याने शिंतोडे उडवायचे, म्हणजे फेस. फेस कार्डावर थोडा आणि माझ्या चश्म्यावर पुष्कळ पडला. पण चश्मा पुसून पाहिलं तर समोर खरोखरच समुद्र होता. मी त्यावर बांगडा उमटवला आणि पुन्हा शाई न लावता तोच ठसा बाजूला टेकवला. दुसरा बांगडा फिकट आला आणि दूर गेल्यासारखा दिसू लागला. एकाच बटाट्याचे दोन मासे, एक जवळचा, एक लांबचा. फरक एवढाच, की दुसऱ्याला मधल्या वेळात कोणी शाई लावली नव्हती. मी त्या दोन माशांकडे जरा वेळ पाहत बसलो.

मग प्रश्न आला तो ग्रीटिंग कार्ड या वस्तूचाच. हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं? इथे मला १८४३ हे साल भेटलं आणि त्या एका सालात दोन माणसं भेटली.

पहिला सर हेन्री कोल. तेव्हा नुसताच हेन्री कोल. १८४० साली इंग्लंडात एक पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागलं. ती योजना अमलात आणायला रोलंड हिलला ज्यांनी मदत केली त्यांत हा होता. पत्र स्वस्त झालं आणि लोक पत्रं लिहीत सुटले. नाताळ आला की कोलच्या टेबलावर पत्रांचा ढीग. प्रत्येकाला उत्तर देणं ही तेव्हाची सभ्यता, आणि कोल पडला दहा उद्योग करणारा माणूस. पुढे १८५१चं लंडनचं महाप्रदर्शन भरवणाऱ्यांत तो होता. त्याने १८४३च्या नाताळात हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, ते छापून हाताने रंगवून घेतलं, त्यावर शुभेच्छा छापल्या, वर ज्याला पाठवायचं त्याच्या नावासाठी जागा कोरी ठेवली आणि खाली पाठवणाऱ्याच्या नावासाठी. झालं! पत्र लिहायला नको. चित्रात घरची मंडळी द्राक्षारसाचे प्याले उंचावत होती आणि एका पोरीच्या तोंडालाही प्याला लावलेला होता, त्यावरून दारूबंदीवाले खवळले. साधारण हजार प्रती काढल्या होत्या. उरलेल्या विकायला ठेवल्या, एका कार्डाला एक शिलिंग. शिलिंगाच्या पेन्या बारा. म्हणजे एका कार्डाच्या पैशात बारा पत्रं गेली असती. पत्र न लिहिण्याची किंमत तेव्हापासूनच बारापट आहे.

मी खुर्चीत मागे टेकलो. मी समजत होतो की, कार्ड ही मायेची वस्तू. निघाली घाईची. ज्याला बोलायला वेळ नाही त्याने काढलेली पळवाट. सून म्हणाली होती ते बोट लावून पाठवायचं गुलाबाचं फूल हे या कोलसाहेबांच्याच घराण्यातलं. आणि रविवारचं आमचं तापमानसुद्धा.

दुसरी भेटली ॲना ॲटकिन्स. हिला समुद्री शेवाळांचा नाद. शेवाळाची चित्रं हाताने काढणं फार किचकट, म्हणून तिने हर्शेलने आदल्याच वर्षी शोधलेली एक युक्ती वापरली. मसाला लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवायचं, कागद उन्हात धरायचा, मग पाण्याने धुवायचा. उन्हाने कागद निळा होतो आणि शेवाळाची जागा पांढरी राहते. तो निळासुद्धा प्रशियन निळाच, तेच रसायन. १८४३च्या ऑक्टोबरात तिने या पुस्तकाचा पहिला भाग काढला. छायाचित्रं असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. त्यातला मजकूरही तिने छापखान्यात दिला नाही. स्वतःच्या अक्षरात लिहून त्याचेही असेच निळे ठसे घेतले. एकेक पान उन्हात धरून. इंग्लंडातल्या उन्हात, हे लक्षात घ्या. ते काम तिला दहा वर्षं पुरलं.

एकच साल, एकच देश. एकाने वेळ वाचवला, एकीने घालवला. कोलचं कार्ड जगभर पसरलं. पण मी ज्या टेबलाशी बटाट्याच्या सालींत बसलो होतो, ते टेबल कोलचं नव्हतं. ते बाईंचं होतं.

आणि याच नादात तिसरी बाई सापडली, ती तर सरळ घरची निघाली. पण त्याआधी माकुलाबद्दल सांगायला हवं. माकूल हा समुद्रातला मऊ, बिनकाट्याचा प्राणी. घाबरला की काळी शाई सोडतो. वेंगुर्ल्याला माकुलं आली की ती साफ करायला आक्का बसायची आणि तिच्या बोटांना कोपरापर्यंत शाई. त्या बोटांनी ती माझ्या मिशा काढायची. मी चारपाच वर्षांचा असेन. मिशा दोन दिवस जायच्या नाहीत आणि त्या मला जाऊही द्यायच्या नसायच्या. माकुलाच्या जातीतल्याच एकाच्या पाठीतली पांढरी ढलपी किनाऱ्यावर लागायची, तिला आम्ही समुद्रफेस म्हणायचो आणि जांभ्याच्या पायरीवर तिने अक्षरं गिरवायचो. 'आ' हे अक्षर मला शाळेने शिकवलेलं नाही. आक्काने शिकवलं, समुद्रफेसाने. ती म्हणाली, आक्काचा आ.

या प्राण्याचं ग्रीक नाव सेपिया. त्याच्याच शाईपासून चित्रकारांचा तो तपकिरी सेपिया रंग होतो. जुन्या फोटोंच्या रंगाला आपण ज्याचं नाव दिलं तोच हा. तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचं गाव आहे. तिथल्या कड्यांत समुद्री प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. तिथे एलिझाबेथ फिलपॉट ही बाई आणि तिच्या बहिणी ते गोळा करत, आणि जिने पुढे नाव काढलं ती मेरी ॲनिंग तिची मैत्रीण. त्यांना माकुलाच्या नात्यातल्या एका प्राचीन प्राण्याचे दगड झालेले अवशेष मिळाले आणि त्यांत शाईच्या पिशव्या होत्या, आतल्या वाळलेल्या शाईसकट. फिलपॉटबाईंनी ती शाई पाण्यात कालवली आणि ती चालली! १८३३ साली त्यांनी बकलंड या भूगर्भशास्त्रज्ञाच्या पत्नीला एक पत्र पाठवलं आणि त्यात तिथेच सापडलेल्या एका प्राचीन सागरी सरड्याच्या कवटीचं चित्र त्या शाईने रंगवून दिलं. शाई सुमारे वीस कोटी वर्षांची.

आता बोला! समुद्राचं चित्र, समुद्राच्याच शाईने, एका बाईने दुसऱ्या बाईला हाताने करून टपालाने पाठवलेलं. कोलच्या आधी दहा वर्षं. माझ्या मते ते खरं पहिलं कार्ड. इतिहासाच्या परीक्षेत हे उत्तर कोणी लिहिलं असतं तर मी मार्क दिले नसते. आता देईन. वीस कोटी वर्षं दगडात वाळून पडलेली शाई थोड्या पाण्याने पुन्हा लिहू लागते, तर पाच वर्षांचं काय एवढं!

या उत्साहात मी कार्डाची उरलेली कामं एका दुपारी उरकली. घर कोरलं, कौलांसकट. त्याच बटाट्यावर माड कोरला. एका छोट्या बटाट्यावर आकडा कोरला, ८०. कार्डावर लाटांच्या कडेला घर आणि माड उमटवला, झकास आला. मग कार्ड उघडून आत, वरच्या कोपऱ्यात, मोठ्या थाटाने ऐंशी उमटवले. सरळ टेकवला, दाबला, सरळ उचलला. हलवला नाही.

कागदावर ०८ आलं होतं. त्यातलं आठ तोंड फिरवून बसलं होतं.

होकुसाईचा कागद पालथा असतो. वहीत लाल रेघ आहे. सातवाहनांचा कारागीर उलटं कोरायचा. मीच लिहिलंय, मागे दोन पानांवर. हिने खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "शून्य आठ? नागपूरचा कोड आहे का?"

दुसरं कार्ड करायला घरात बटाटे नव्हते, आणि आणायला पाठवण्याच्या मनःस्थितीत ही नव्हती. मी तसाच बसून राहिलो. आत चार ओळी तरी लिहायला हव्या होत्या. कोलसाहेबांची सोय किती मोठी हे त्या क्षणी कळलं. 'आक्कास,' एवढं लिहून पेन थांबलं. घराबद्दल लिहावं तर काय लिहावं? वाळवीचं लिहू? कौलांचं लिहू? ती कारणं पाच वर्षांपूर्वी बरोबर होती आणि अजून बरोबरच होती, म्हणून तर ती कामाची नव्हती.

मग त्या ०८ कडे पाहिलं. आक्का आठ वर्षांची असताना मी दोन वर्षांचा. म्हणजे तिच्या कडेवर. खाली लिहिलं : 'बटाटा उलटा उमटला. तू आठ वर्षांची झालीस. मी तिथेच आहे, कडेवर. घर विचारून विकायला हवं होतं.' सही केली. पाकीट बंद केलं. पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट वजनाला घालून विचारलं, "जाड आहे. आत काय?"

"समुद्र," मी म्हणालो.

"कागदपत्रं," असं स्वतःशी म्हणत त्यांनी शिक्का मारला, हात कानापर्यंत नेऊन.

वाढदिवसाच्या दिवशी फोन आला. रविवार नव्हता. पलीकडून आक्काने ऊन विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"मेल्या, कार्ड मिळालं," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कटला. "बांगडा बरा जमलाय. दुसरा का असा आजारी?"

"तो लांबचा आहे."

"हं." पुन्हा काही नाही. मग एकदम तिचा जुना, भरतीवरून ओरडायचा आवाज : "आणि माड कुठे लावलायस? माड पडवीच्या उजव्या अंगाला होता. तू डावीकडे लावलास. घर विकलंस ते विकलंस, निदान चित्रात तरी जागच्या जागी ठेवायचंस!"

मी म्हटलं, "आक्का, ठसा उलटा येतो."

"मग उलटा कोरायचा," आक्का म्हणाली. "एवढं कळत नाही? आणि विहीर कुठे आहे? गोठा? पायरी काढली नाहीस ती?" मग ती पाऊण तास बोलत होती. कुठल्या खोलीला किती खिडक्या होत्या, कुठल्या खिडकीतून काय दिसायचं, माझं पहिलं 'आ' पायरीच्या कुठल्या टोकाला होतं, आणि घराच्या कागदांवर सही करताना तिला काय वाटलं होतं. हेही बोलली. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मी गप्प बसून ऐकलं आणि मध्ये मध्ये वहीत नकाशा काढत होतो.

फोन ठेवला आणि पिशवी घेऊन निघालो. हिने दारातच अडवलं.

"कुठे?"

"मंडईत."

"काय आणायचंय?"

"दोन किलो बटाटे," मी म्हणालो. "विहीर राहिली आहे."